वाळवणाच्या मोसमातलं अपडेट

प्रिय तू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. अर्धा वेळ मागे तुझा कुकर शिट्ट्या मारतोय आणि उरलेला अर्धा वेळ तू मला दटावतेयस, की फोनवर घाईघाईत सांगू नकोस, नीट पत्र लिही. हॉस्टेलमध्ये माझीच दुलई पांघरून मला लवकर उठण्यावर भाषण देणारी तू. काही म्हणून बदलली नाहीस! घे, पत्र. आणि कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. हो, वहिनीची साइट परत वर आली. पहिल्याइतकी नाही, पण आली. कशी आली ते आता सावकाश सांगते, मध्ये कुकर बंद करून ये.

तुला आठवतं ना, २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना वहिनीने वाईच्या घरी गच्चीवर बसून लिहायला सुरुवात केली होती. दादा म्हणत होता, 'कुरडया काय लिहायच्या असतात? घालायच्या असतात.' पण ती लिहीत राहिली. कुरडया, सांडगे, मिरगुंडं, ताकातल्या मिरच्या, बटाट्याचा कीस. बोलते तशीच लिहायची. 'गहू भिजवले की रोज पाणी बदलायचं, आळस केलात तर तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटेल आणि सासूबाई विचारतील.' लोकांना ते आवडलं, कारण ते वाचून खरंच कुरडई जमायची. हळूहळू ऑर्डरी येऊ लागल्या. फेब्रुवारी संपता संपता लोक 'कुरडई' शोधायला लागले की वहिनीचं पान पहिल्या चारात असायचं. माझ्या वाईच्या फेऱ्या वाढल्या त्या तेव्हापासून. तिची ती अक्षरं आणि ते फोटो साइटवर चढवण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि तुला सांगते, इतकं आनंदाचं काम मी ऑफिसात कधी केलं नाही.

मग दादाला कुणीतरी एक एजन्सी गाठून दिली. नाव नाही सांगत. 'ट्रॅफिक दुप्पट करून देतो' म्हणाले, आणि काही महिने आकडा खरंच वाढला. कसा, ते नंतर कळलं. यंत्राकडून लेखांचे ढीगच्या ढीग लिहून घेऊन त्यांनी साइटवर ओतले होते. 'सन २०२४ मधील सर्वोत्तम १५ कुरडया'. 'कुरडईचे २१ आश्चर्यकारक फायदे'. एका लेखात कुरडई मंद आचेवर बेक करा असं छापलेलं, आणि त्याखालचा फोटो पाहून वहिनी किंचाळलीच, 'अगं, ह्या हक्का नूडल्स आहेत!' भाचा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनीला मात्र हसू येत नव्हतं. त्या नूडल्सखाली लेखिका म्हणून तिचं नाव होतं.

आणि नेमका २०२४ चा मार्च उजाडला. ५ मार्चला गूगलने आपलं मोठं कोअर अपडेट, म्हणजे शोधात कोण वर आणि कोण खाली हे ठरवणाऱ्या गणितातला बदल, सुरू केलं आणि त्याच दिवशी स्पॅमचे नवे नियम जाहीर केले. त्यातला एक नियम अशाच लेखांबद्दल होता. वाचणाऱ्याच्या उपयोगासाठी नाही, तर शोधात वर दिसावं म्हणून घाऊक प्रमाणात पाडलेले लेख. ते माणसाने लिहिलेत की यंत्राने, हा मुद्दाच नव्हे, घाऊकपणा हाच दोष. अशी अपडेट्स साधारण दोनेक आठवड्यांत पूर्ण होतात, हे मात्र ४५ दिवस चाललं, १९ एप्रिलपर्यंत. म्हणजे आपल्याकडे ऊन तापायला लागल्यापासून ते गच्च्या भरून जाईपर्यंतचा सगळा काळ. सर्च कन्सोल म्हणजे साइटच्या मालकाला गूगल जिथे आकडे दाखवतं ती जागा. तिथली रेघ गच्चीवरून उतरणाऱ्या जिन्यासारखी खाली येत होती. वहिनीचं पान चौथ्यावरून तिसाव्याच्या आसपास गेलं. तिसावं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू तर हॉटेलचा मेनूसुद्धा पहिल्या पानापुढे उलटत नाहीस.

मोसमाचं दुखणं जुनंच आहे म्हणा. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलचं एक अपडेट आलं, लोकांनी त्याला 'फ्लोरिडा' असं नाव दिलं. त्यात नाताळच्या ऐन तोंडावर कितीतरी छोटी ऑनलाइन दुकानं शोधातून दिसेनाशी झाली. वर्षभराची कमाई ज्या महिन्यात व्हायची, तोच महिना गेला. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात गेले. तिथे वहिनी चीक निवळायला ठेवलेल्या पातेल्यावरचं पाणी अलगद ओतून काढत होती. म्हणाली, 'ऑर्डरी असोत नसोत, गहू भिजलेत ना, ते थोडेच थांबणार?'

पहिल्यांदा आम्ही काहीच हलवलं नाही. तू असतीस तर पहिल्याच रात्री सगळं उपटून टाकलं असतंस, खरं की नाही? गूगलचाच सल्ला असा आहे की अपडेट पूर्ण होऊ द्या, वर आठवडाभर थांबा आणि मग आधीच्या-नंतरच्या तारखा शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला असाल तर फार हात लावू नका, चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेला असाल तर मात्र सगळी साइट नीट तपासा. आमची गत दुसरी. आणि इथे एक मेख आहे. वाळवणाचा शोध जूनमध्ये आपोआपच कमी होतो, आभाळ भरून आल्यावर कुरडया कोण घालणार? त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करून उपयोग नसतो, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी लागते. भाच्याने तसा तक्ता केला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वहिनीचं नाव घालून शोधणारे जसेच्या तसे होते. पडले होते ते 'कुरडई कशी करतात' म्हणून येणारे, जे तिला ओळखत नव्हते आणि ओळखण्याची संधीच ज्यांना आता मिळत नव्हती.

दुसरी गोष्ट बघायची असते ती शिक्षेची. गूगलमधल्या माणसाने स्वतः साइट पाहून कारवाई केली असेल तर तसं सर्च कन्सोलमध्ये लिहून येतं. मग चुका दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. ते पान आम्ही उघडलं तर कोरं. कारवाई काहीच नाही. दादाला हायसं वाटलं, मला उलट धसका बसला. कारण कारवाई नाही याचा अर्थ अर्ज करायला खिडकीही नाही. गणितानेच खाली नेलंय, आणि गणित पुन्हा मांडलं जाईपर्यंत वाट बघायची. निकाल हाती, पण उत्तरपत्रिका बघायला मिळत नाही.

त्या दिवसांत मी रात्री जागून इतरांचं काय झालं ते वाचत बसायचे. तुला म्हणून सांगते, त्यातलं बरंच वाचून रडू यायचं. २०११ च्या फेब्रुवारीत 'पांडा' नावाचं अपडेट आलं. ते प्राण्यावरून नाही हं, नवनीत पांडा या इंजिनिअरच्या आडनावावरून. अमेरिकेतल्या शोधांपैकी ११.८ टक्क्यांवर त्याचा परिणाम झाला, असं गूगलनेच सांगितलं. उथळ, पाट्या टाकल्यासारखे लेख खाली गेले, पण त्यांच्याबरोबर काही चांगलेही गेले. हबपेजेस नावाची एक साइट होती, हजारो लेखकांची. तिने काय केलं, प्रत्येक लेखकाचं लिखाण त्याच्या त्याच्या स्वतंत्र उपपत्त्यावर नेलं, म्हणजे एकाच्या वाईट लेखांचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर नको. त्याच वर्षी त्यातले बरेच लेखक सावरले.

मेटाफिल्टरची गोष्ट वेगळी. १९९९ पासूनची, माणसं एकमेकांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात अशी ती जागा. १७ नोव्हेंबर २०१२ ला त्यांचे वाचक एकाएकी ४० टक्क्यांनी घटले आणि परत आलेच नाहीत. जाहिरातींचं उत्पन्न आटत गेलं. २०१४ मध्ये संस्थापक मॅट हॉई यांनी सगळं उघड लिहिलं, की आता माणसं कमी करावी लागतायत. ते वाचल्यावर तिथल्या सदस्यांनीच दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली आणि ती जागा तगली. शोधाने तिला तारलं नाही, तिच्या माणसांनी तारलं. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने वही काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर एका कागदावर लिहायला घेतले. मी समजले.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते अमित सिंघल यांचं एक टिपण. तेव्हा गूगलमध्ये शोधाच्या क्रमवारीचं काम ते बघत. पांडानंतर लोक 'आम्ही नेमकं करायचं काय' म्हणून जीव खात होते, तेव्हा मे २०११ मध्ये त्यांनी २३ प्रश्न लिहून दिले. गणित नाही सांगितलं, फक्त प्रश्न. की बाबांनो, आपल्या पानाकडे बघून हे स्वतःला विचारा. एका दुपारी मी त्यातले प्रश्न मराठीत करून वहिनीला विचारत गेले. ती सोऱ्या धुऊन पुसत होती, भाचा एजन्सीने टाकलेले लेख एकेक करून पडद्यावर आणत होता.

'या लेखातल्या माहितीवर तू विश्वास ठेवशील का?'

'बेक करा म्हणणाऱ्यावर? शक्यच नाही.'

'हा लेख विषय नीट जाणणाऱ्या माणसाने लिहिलाय असं वाटतं का?'

'ज्याने चिकाचा चटका कधी खाल्ला नाही, त्याने लिहिलाय.'

'हा लेख तू जपून ठेवशील का? मैत्रिणीला पाठवशील का?'

तिने चष्मा वर केला. 'जावेलासुद्धा नाही पाठवणार.'

तुला तिची जाऊ माहीत आहे, त्यामुळे या उत्तराचं वजन तुला कळेल. त्या एका दुपारी बहुतेक सगळा निर्णय होऊन गेला. मग भाच्याने न सांगता वहिनीचा स्वतःचा, २०२० चा पहिला लेख पडद्यावर आणला. मी तेच प्रश्न पुन्हा विचारले. सोऱ्या हातात तसाच धरून तिने तो पूर्ण वाचून काढला आणि म्हणाली, 'यात हिंग किती ते राहिलंय. पण बाई चांगली लिहिते.'

मग साफसफाई. इथे घाई केली की नुकसान होतं, कारण ढिगाऱ्यात कुठलं पान लोक खरंच वाचत होते ते आधी बघावं लागतं. ज्या पानांना वाचक नाही, ज्यांचा दुवा बाहेर कुणी दिलेला नाही आणि ज्यात वहिनीचं एक वाक्यही नाही, ती कायमची काढली. सर्व्हरला सांगता येतं, की हे पान हरवलेलं नाही, आम्ही मुद्दाम काढलंय. त्याचा क्रमांक ४१०. नुसतं न सापडणाऱ्या पानाचा ४०४. एकाच विषयावर चार-चार पातळ लेख होते तिथे वहिनीचा एक ठेवला आणि बाकीच्यांचे पत्ते कायमचे त्याच्याकडे वळवले. शीर्षकांतली सालं काढली. कुरडई २०२४ ची आणि २०२५ ची वेगळी असते का गं? मजकुराला हात न लावता नुसती तारीख ताजी करायची, ही युक्तीही एजन्सीने जागोजाग वापरली होती. तसं करू नका असं गूगल स्पष्टच सांगतं. आम्ही लेखांच्या खऱ्या तारखा परत लावल्या. 'लॉकडाऊन, चैत्र' असं वहिनीने एका लेखाखाली लिहिलं होतं, तेही परत आलं, आणि मला उगाचच भरून आलं.

चांगली पानं वाईट पानांबरोबर का बुडतात, हे दादाला शेवटपर्यंत पटत नव्हतं. 'कुरडईचा लेख चांगला आहे ना, मग तो का खाली?' गूगलचं म्हणणं असं, की क्रम मुख्यतः एकेका पानाचा लागतो, पण सबंध साइटकडे पाहून लावलेलेही काही निकष असतात. म्हणजे नूडल्सचा फोटो दुसऱ्या पानावर असला तरी त्याची सावली कुरडईवर पडते. शेवटी दादा म्हणाला, 'गल्लीत एक घर कचरा टाकतं आणि गल्ली बदनाम होते, तसं झालं.' पटलं त्याला एकदाचं.

या काळात फोन मात्र खूप आले. साइट घसरली की कुठून कोण जाणे, 'सात दिवसांत रँकिंग परत, गॅरंटी' म्हणणारे उगवतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलने केव्हाचं लिहून ठेवलंय. एकाने दुवे विकत घ्यायला सांगितले. शेकडो साइटींवरून आपल्याकडे बोट दाखवून घ्यायचं. २०१२ च्या एप्रिलमध्ये आलेलं 'पेंग्विन' अपडेट नेमकं असल्याच युक्त्यांसाठी होतं, हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. वहिनीने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तुम्हाला कुरडई तळता येते का हो?' तो म्हणाला, 'मॅडम, ते आमचं काम नाही.' वहिनी म्हणाली, 'मग आमचं काम तुम्ही कसं करणार?' आणि ठेवून दिला फोन. मी तिथे टाळ्या वाजवल्या गं.

आता खरी मजा ऐक. सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून आले ते दिसतं. एजन्सीने त्यातले फक्त मोठे आकडे पाहिले होते. आम्ही खालपर्यंत उतरलो. लोक काय काय विचारतात! 'चिकात गाठी झाल्या तर'. 'कुरडई लाल का होते'. 'ढग आले कुरडया ओल्या आहेत काय करू'. हा शेवटचा प्रश्न वाचून वहिनीचा जीव कळवळला, ती म्हणाली, 'अगं ही बिचारी आत्ता गच्चीवर उभी असेल.' निम्मे लोक तर देवनागरीत लिहितच नाहीत, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, आणि कुरडईची स्पेलिंगं म्हणशील तर प्रत्येक घरची निराळी. काही प्रश्न इतके लांब आणि बोलल्यासारखे होते की ते फोनला तोंडी विचारलेले असणार. वहिनीने ती यादी हाती घेतली आणि एकेकीला उत्तर लिहायला बसली. क्रमांकासाठी नाही, त्या गच्चीवरच्या बाईसाठी. कुरडया ओल्या असताना ढग आले तर त्या प्लास्टिकसकट घरात घ्या, पंख्याखाली पसरा, अर्धवट वाळलेल्या डब्यात मुळीच भरू नका. इतकं सरळ. त्याच्यावर यंत्र काय लिहिणार होतं?

फोटो भाच्याने काढले. चीक निवळल्यावर खाली बसलेला घट्ट पांढरा थर, वरचं पिवळसर पाणी. आधणात मीठ-हिंग घातल्यावर एका हाताने चिकाची धार आणि दुसऱ्या हाताने हाटणं. कच्चा असताना तो दुधासारखा पांढरा दिसतो आणि शिजला की काचेसारखी झाक येते, हा फरक भाच्याने दोन फोटो शेजारी लावून दाखवला. त्यात वहिनीची बोटं आहेत, तिच्या भाजल्याचा जुना डागसुद्धा आहे. डाग झाकूया का, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'तोच तर पुरावा.' तिला माहीत नव्हतं, पण गूगल ज्यांच्याकडून शोधाचा दर्जा तपासून घेतं, त्यांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये नेमकी ही गोष्ट घातली गेली. ज्ञान, अधिकार, विश्वास हे आधीपासून होतंच, त्यात 'अनुभव' हा शब्द आला. लिहिणाऱ्याने ते स्वतः केलंय का? हे तपासनीस थेट कुणाचा क्रमांक ठरवत नाहीत, पण गणित कुठल्या दिशेने जायला हवं ते त्यातून कळतं.

आणि मग वाट बघणं. हे सगळ्यात अवघड. जूनमध्ये काही नाही, जुलैत काही नाही. पाऊस धो धो, वाईला कृष्णेचं पाणी चढलेलं, आणि आमची रेघ जमिनीला टेकलेली. १५ ऑगस्टला पुढचं कोअर अपडेट सुरू झालं, ३ सप्टेंबरला संपलं. आम्ही थोडे हललो, तिसाव्यावरून विसाच्या आत. त्याच अपडेटमध्ये हाउसफ्रेश नावाची एक छोटी साइटही जराशी सावरली. हे लोक घरात हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः विकत आणून, चालवून, मोजून त्यावर लिहितात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे शोधातून दिवसाला ४,००० वाचक येत, ते मे २०२४ पर्यंत २०० वर आले होते. त्यांनी मोठमोठ्या मासिकांच्या साइटी कशा वस्तू न तपासताच शिफारशी करतात ते उदाहरणांसह लिहिलं, आणि ते जगभर वाचलं गेलं. त्यांनी कुणाचा कचरा घातला नव्हता. म्हणूनच मला त्यांची गोष्ट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागली. नीट काम करणारा माणूससुद्धा यात बुडू शकतो, हे मान्य करूनच बोलायला हवं.

आणि हे तुझ्या अंगणात घडलं बरं का! २०२४ च्या ऑक्टोबरअखेर गूगलने अशा खाली गेलेल्या वीसेक छोट्या साइटींच्या मालकांना माउंटन व्ह्यूला बोलावलं होतं. तू सनीवेलला बसून दिवाळीचे अनारसे बिघडवत होतीस, आणि शेजारच्या गावात ही माणसं आपापली कहाणी सांगत होती. नंतर त्यांच्यापैकी काहींनी लिहिलं, की गूगलच्या डॅनी सुलिव्हन यांनी त्यांची माफी मागितली, तुमच्या साइटींत खोट नाही असं सांगितलं, पण क्रमांक परत येतील असं वचन मात्र दिलं नाही. ते वाचून मला वाटलं, तू तिथे असतीस तर नक्की कुणाला तरी घरी जेवायला घेऊन आली असतीस.

मार्च २०२५ चं अपडेट १३ ला सुरू होऊन २७ ला संपलं. मधल्या दिवसांत मी वहिनीला रोज 'बघू का, बघू का' म्हणत होते आणि ती 'हात चिकाचे आहेत, नको दाखवू' म्हणत होती. गुढीपाडव्याला मी वाईला होते. श्रीखंडाचं ताट पुढ्यात, आणि भाचा ओरडला, 'आत्या, सहावं!' कुरडईचं पान सहाव्यावर. 'ढग आले' वालं पान तर पहिलंच. दादाने श्रीखंडाची वाटी तशीच टाकली आणि ऑर्डरींच्या वहीवर नवं पान उलटून ठेवलं. वहिनीने फक्त विचारलं, 'त्या ढगवालीला सापडलं का मग वेळेत?'

सगळं परत आलेलं नाही, ते तुला स्पष्ट सांगते. वर मोठ्या साइटी आहेत, व्हिडिओ आहेत. शिवाय शोधाच्या डोक्यावर आता यंत्राने लिहिलेलं आयतं उत्तर येतं, भारतात ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी आणि हिंदीपासून सुरू झालं. ते वाचून कितीजणी पुढे दार ठोठावतील? या प्रश्नाने मला अजून झोप लागत नाही कधीकधी. ज्यांच्याकडून यंत्र शिकतं, त्यांच्यापर्यंत माणसं पोचली नाहीत तर पुढची कुरडई कोण लिहिणार? वहिनीचं उत्तर तिच्या वहीत आहे. जुन्या गिऱ्हाइकांचा तिने व्हॉट्सॲपवर गट केलाय, दर पौर्णिमेला त्यावर एक पदार्थ सांगते. तिथे क्रमांकच नाही.

आता तुझं काम. तू मागे एअर फ्रायरमध्ये कुरडई घालून 'फुलत नाही, तुझ्या वहिनीच्या मालात खोट' असा निर्लज्ज निरोप पाठवला होतास, आठवतं? वहिनीने त्यावर अख्खा लेख लिहिलाय. कुरडई फुलते ती कडक तापलेल्या तेलात, एका क्षणात, सगळ्या बाजूंनी एकदम उष्णता लागल्यामुळे. गरम वाऱ्याने ती नुसती कडकडीत होते. तुझं नाव घातलेलं नाही, काळजी करू नकोस, 'परदेशातल्या एका आगाऊ मैत्रिणीने विचारलं' एवढंच आहे. आणि तो लेख वाचणारे अमेरिकेतून, लंडनमधून, सिडनीतून येतायत. आगाऊ मैत्रिणी सगळीकडे आहेत म्हणायच्या.

तेव्हा वहिनीचा निरोप असा, की तिला आता तिकडच्या बायकांसाठी लिहायचंय. साबुदाण्याच्या पापड्या तुमच्या उन्हात किती दिवसांत वाळतात? रात्री बाल्कनीत ठेवल्या तर दव लागतं का? तिकडच्या साबुदाण्याला पाणी किती लागतं? हे तिला वाईत बसून कळणार नाही आणि न करता ती लिहिणार नाही. या शनिवारी एक वाटी साबुदाणा भिजव. फोटो काढ, बोटं दिसू देत. आणि बिघडल्या तर बिघडलेल्याच पाठव, नीट झाल्याचं सोंग करू नकोस. तुझ्या अनारशांचे फोटो अजून माझ्याकडे आहेत.

तुझीच,
मी